शेवटच्या ओळीनंतर

रात्री दोन ते दोन चाळीस सर्व्हर बंद ठेवायची परवानगी आहे,
सही-शिक्क्यानिशी.
खाली पाण्याचा फवारा मारत गाडी गेली.
इंदूर रात्रीच धुऊन घेतं स्वतःला,
सराफ्यात शेवटची कढई उतरते तेव्हा.

अपडेटची यादी आली.
नवं काही नाही. कुणी दार बांधलं नाही, रंग दिला नाही.
सॉर्ट, कट, टेल, डेट...
काळ्या पडद्यामागची बुटकी माणसं,
एकेक कामापुरती.
एक रांग लावतो, एक फक्त शेवट सांगतो.
त्यांना चेहरा नाही, म्हणून कुणी राम राम करत नाही.

पहिली टीप:
अमुक वेळी हा आपल्या हद्दीच्या एक बाइट मागचं वाचतो.
जाता-जाता शेजारच्या खिडकीत नजर जावी, इतकंच.
चोराला इतकंच पुरतं.

बाबा वजनमापे खात्यात होते.
लोखंडी वजनाच्या बुडाला खळगा असतो, त्यात शिसं.
सियागंजातले दुकानदार पोतं भरून वजनं आणायचे,
हात लागून लागून झिजलेली.
बाबा चिमूटभर शिसं ओतत, ठोकत, शिक्का मारत.
म्हणत, खोट माणसात नसते दर वेळी,
लोखंडही थकतं.

दुसरी टीप त्याहून लहान:
फाइलीची शेवटची ओळ एन्टरशिवाय संपली असेल,
तर ती गळते. आता गळणार नाही.

गळते.
मी कप खाली ठेवला.

पेन्शनची यादी उघडली. नावं दोनशे अठरा.
छापून येतात दोनशे सतरा.
शेवटचं, वर्णमालेच्या टोकाशी बसलेलं:
हिर्लेकर कुमुदिनी, मीटरवाचकाची विधवा, मल्हारगंज.
नऊ वर्षांपूर्वी टाइप करणारा
तिच्या नावापाशी थांबला आणि बहुधा पोह्यांना उठला.
एन्टर राहिला.

मग नऊ वर्षं बाई जगल्या कशावर?

लोखंडी कपाटातले छापील गठ्ठे काढले.
प्रत्येक महिन्याच्या कागदाखाली, समासाला चिकटून,
हिरव्या शाईत एक ओळ.
मतकरबाबूंचं अक्षर, उजवीकडे कललेलं.
हिर्लेकर कुमुदिनी. रक्कम. सही.
जानेवारी, फेब्रुवारी, पुन्हा जानेवारी.
कुणाला सांगितलं नाही, तक्रार टाकली नाही,
यंत्र विसरतं तर आपण लिहावं,
एवढंच ठरवलं असावं त्यांनी
आणि टोपण काढलं असावं.

मार्चअखेर ते निवृत्त झाले.
आम्ही समोसे मागवले होते. शाल दिली होती.

एप्रिल. खाली कोरं.
मे. कोरं.
जून.

खिडकीवर येऊन गेल्या असतील बाई.
कुणीतरी म्हणालं असेल, आमच्यातलंच,
कदाचित मीच मान वर न करता,
"यादीत नाही ना नाव, आजी. बघा बरं घरी काही कागद."

दोन एकोणतीस.
पडदा विचारतो: पुढे जायचं? हो की नाही?
एक अक्षर दाबते.
ओळी पळतात, कुठल्या कुठल्या देशांतल्या
न पाहिलेल्या माणसांनी पुसलेल्या चुका
आमच्या तिसऱ्या मजल्यावर उतरतात.
संपलं. आवाजही झाला नाही.

यादी पुन्हा छापली.
दोनशे अठरा.

तरी मी फाइल उघडते,
कर्सर हिर्लेकरबाईंच्या नावापुढे नेते
आणि एन्टर दाबते.
दुरुस्ती झाली आहे, माहीत आहे मला. तरीही.

तीन महिन्यांचं अपडेट कुठूनच येत नाही.
त्याचा अर्ज सकाळी मलाच लिहायचा आहे.
त्याआधी मतकरबाबूंना फोन.
विचारायचं आहे खूप काही,
पण सुरुवात बहुतेक शाईपासून करीन:
बाबू, ती हिरवी दौत
कुठल्या खणात ठेवायचात?