घडी

पान एकशे बारावर तीन आठवडे अडले आहे.
लीड्सचा प्राध्यापक सहज लिहून गेला:
शासितांची संमती हाच सत्तेचा पाया.
त्याच्या इंग्रजीत वाक्य हलकं,
दोरीवर वाळलेल्या सदऱ्याएवढं.
माझ्या जर्मनमध्ये तेच भिजतं, लोंबतं,
दोरी वाकवतं.

सत्तेलाच आधी तीन दारं:
माख्ट, क्राफ्ट, गेवाल्ट.
तिसऱ्या दारामागे कायद्याचा अधिकार बसतो
आणि मारहाणही,
एकाच खुर्चीवर.
फ्रीडम आणि लिबर्टी दोघी बहिणी,
आमच्याकडे येताना एकच कोट घालून येतात.
लोक त्यांच्याकडे अनेकवचनी, बडबडे, हजार चपलांचे.
आमचा फोल्क एकवचनी,
आणि एकवचनात त्यानं काय काय केलं
ते नववीत शिकवतात.
पुढाऱ्यासाठी सरळ शब्द आहे. तो मी लिहीत नाही.
त्या गल्लीला सगळेच अनुवादक वळसा घालतात,
उशीर झाला तरी.

हानोवरहून ओलेनडॉर्फचा फोन:
"संमती म्हणजे संमती, बाई. कोश उघडा."
उघडला. दोन निघाल्या.
आइनविलिगुंग, हिच्या पोटात इच्छा.
त्सूश्टिमुंग, हिच्या पोटात श्टिमं:
म्हणजे आवाज,
आणि पेटीत टाकतात ते मतही.

मंगळवारी आई न्हाणीघरात पडली.
डेसाऊच्या इस्पितळात अकरा पानांचा कागद,
माथ्यावर ठळक: आइनविलिगुंग.
डॉक्टर अल्टिनोक प्रत्येक ओळीवर बोट ठेवून सांगत होत्या
भूल, रक्त, जंतू, क्वचित मृत्यू.
आईचा चष्मा घरी राहिलेला.
तिनं सही केली, रेघेच्या बरीच खाली.
"वाचायचंय काय? खुबा मोडलाय.
दुसरं दार कुठं आहे?"

शासितांची संमती, मी मनात म्हणाले:
चष्म्याशिवाय, पडल्यापडल्या.

रात्री तिला झोप नव्हती. विचारलं,
तेव्हा, त्या देशात, जो आता नकाशात नाही,
मतदानाला जायचीस ना? संमती होती तुझी?
ती हसली. हसू खुब्यापर्यंत गेलं आणि दुखलं.
"मतदान कोण म्हणायचं? आम्ही म्हणायचो,
घडी घालायला जातोय.
नावं छापलेला कागद घ्यायचा,
खूण करायची नाही,
घडी घालायची, टाकायचा, घरी येऊन बटाटे सोलायचे.
पडदा लावलेला कोपरा होता एक.
तिकडे वळलं की टेबलामागचा माणूस
वहीत काहीतरी लिहायचा.
तुझा बाप एकदा वळला."

मला हे माहीत नव्हतं.
"पेन्सिल बोथट होती म्हणाला,
मुद्दामच ठेवलेली असणार.
एकेक नाव खोडायला इतका वेळ लागला
की बाहेर सगळे गप्प झाले.
वॅगनच्या कारखान्यात आराखडे काढायचा तो.
दोन महिन्यांनी भांडारात स्क्रू मोजत होता."
"आणि तू?"
"मी? मी घडी घातली.
छान घातली. तू पोटात होतीस."
मग जेवणाच्या ताटाखालचा कागदी रुमाल
तिनं चार पदरी केला, कडेला कड,
बोटाच्या पेरानं दाबून.
एवढ्या चोख घडीवर
एक आख्खं राज्य चाळीस वर्षं बसलं होतं.

लीड्सला लिहिलं:
आपल्याला इच्छा म्हणायची आहे, की आवाज?
दुसऱ्याच दिवशी उत्तर, दोन ओळी, सौजन्यपूर्ण:
दोन्ही, अर्थातच.
आपल्या भाषेत त्यांत फरक पडतो का?

पान एकशे बारावर मी त्सूश्टिमुंग लिहिलं,
बाबांच्या त्या पेन्सिलीसाठी.
मग वाटलं, आईचं काय?
खोडलं. आइनविलिगुंग लिहिलं.
तिची तर इच्छाही नव्हती.

ओलेनडॉर्फला तळटीपा आवडत नाहीत.
पुस्तक जड होतं, म्हणतो.
प्राध्यापकाचं उत्तर मी छापून घेतलं होतं, सवयीनं.
त्याची घडी घातली.
मग उलगडली.
मधली रेघ काही जात नाही.