सात नंबरचा तंबू

पहाटे पाचला माझं काम झाडण्याचं.
तंबूंच्या मधली लाल वाट,
रात्रभर गळलेली किंदळाची पानं,
आणि पानांच्या आडोशाला, कधीमधी,
ती.

चार बोटं, एक तळवा.
उकिडवा बसतो, वीत लावून बघतो,
मग खराटा फिरवतो.

पाव्हणे सहाला उठतात.
किटलीला लोकरीचं टोपरं घालून बारक्या चहा नेतो
आणि सात नंबरच्या बाई विचारतात,
“आज काही दिसलं?”
“भेकर ओरडलं, बाई. ओहोळाच्या अंगाला.”
हे खोटं नाही.
भेकर ओरडलंच होतं. कुणाला बघून, ते त्यांनी विचारलं नाही.

ठरावच आहे तसा कमिटीचा.
शाळेच्या पडवीत झाला, अकरा विरुद्ध चार.
शेवंती झोरे उभी राहून बोलली:
रान दाखवा, पाखरं दाखवा, शेकरू दाखवा,
वाघाला गिऱ्हाईक लावायचं नाही.
मॅनेजर मिनेझिसनी टक्कल खाजवलं.
“पण जाहिरातीत पंजा छापलाय.”
“मग? पंजा आहेच की,” शेवंती म्हणाली,
“नाही कोण म्हणतंय?”

तंबू म्हणायचं, पण आत तांब्याचं न्हाणीघर,
चादरी इतक्या पांढऱ्या की हात पुसून आत जावं,
आणि थंडीत पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी,
जशी बाळंतिणीला देतात.
एका रात्रीचं भाडं किती, हा हिशोब मी एकदाच केला.
एक म्हैस. दुभती, तिसऱ्या वेताची.
परत नाही केला.

शंभरातले तीस गावाच्या वहीत येतात.
वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं.
बिरो खरातची पाडी. झोऱ्यांचं रेडकू.
लक्ष्मी वरकची म्हैस, गाभण (दोन धरल्या).
तारीख, फोटो, पैसे पोचले, सही किंवा अंगठा.
आठ दिवसांत.
सरकारी कागद तोवर वाळपईच्या टेबलावर
पंख्याच्या वाऱ्यात फडफडत असतो.

बापाच्या वेळी वही नव्हती.
आमची चांदी गेली,
कपाळावर टिकली होती तिच्या, पांढरी,
तर बाप तीन दिवस कुणाशी बोलला नाही.
चौथ्या दिवशी बाजारातून पुडी आणली,
उरलेल्या मांसावर शिंपडली,
ओहोळात हात धुतले, राख लावून, दोनदा,
आणि वाघ्रोच्या दगडापुढे नारळ ठेवून आला.
एकाच सांजेला. त्याच हातांनी.
मी नऊ वर्षांचा.
कंदील माझ्याकडे होता.

मे सरता सरता आम्ही तंबू उतरवतो.
कापडं पेट्यांत, न्हाणी पालथ्या,
बारक्या गावच्या दुकानात बसतो.
उरतात नुसते लाकडी चौथरे
आणि झाडांना बांधलेले कॅमेरे.

ऑगस्टात कार्ड काढलं.
सात नंबरच्या चौथऱ्यावर, जळवांपासून हातभर उंच,
पसरलीय.
पुढचा पंजा काठावरून खाली सोडलेला,
पुस्तक वाचता वाचता बाईंचा हात सुटतो तसा.
दुपारचे दोन चाळीस.

मिनेझिस म्हणाले, हा फोटो हिवाळ्याच्या जाहिरातीत...
पुढचं त्यांनीच गिळलं.
शेवंती बघत होती त्यांच्याकडे.

फोटो मी बापाला नेऊन दाखवला.
मोतीबिंदू पिकलाय, फोन त्यानं नाकाशी धरला.
चुलीवर पेज उतू गेली तरी हलला नाही.
मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.
इतक्या वर्षांचं.

“मादी,” म्हणाला.
मग काचेवर अंगठा टेकवला, तिच्या पोटावर.
“भरलंय.
म्हस कोणाची गेली?”

मी वही काढली.