रात्रीचा केसपेपर

सिव्हिलमधली माझी खिडकी दिवसा ओपीडीची,
रात्री तीच खिडकी कॅज्युअल्टीची.
काच तीच, काचेतलं भोक तेच,
भोकातून आत येणारे हात तेवढे वेगळे असावेत
अशी अपेक्षा आहे.
तशी पाटीही आहे वर:
सर्दी, खोकला, जुनी दुखणी
सकाळी साडेआठ ते साडेबारा.
त्या पाटीखाली रात्री अकराला
जुनी दुखणी रांगेत उभी असतात, चपला काढून.

नाव?
नरसूबाई दुडम.
वय?
लिवा की पन्नास.
मागच्या खेपेलाही पन्नासच होतं. लिहितो.
काय होतंय?
खोकला.
कधीपासून?
गड्ड्यापासून.

गड्ड्याचे पाळणे उतरले, दुकानं उठली,
होम मैदानावर आता वैशाखाची धूळ फिरते.
रकान्यात दोनच आकडे मावतात,
पुढे ‘दिवस’ असं छापलेलं.
मी ९९ लिहितो.

तिच्या मागे श्रीहरी वल्लाळ, लूमवर असतो,
बोटाला टॉवेलचा तुकडा गुंडाळलेला, तुकडा काळा पडलेला.
किती वाजता लागलं?
चार वाजता.
आणि आत्ता येतोस होय बे?
पाळी सुटल्यावर आलो की.
त्याच्या मागे कुंभारीचं एक बाळ, तापानं फणफणलेलं,
बाप कामावरनं येईपर्यंत
त्याचाही ताप थांबून राहिला होता म्हणे.
दुखणं दिवसभर बाहेर बसवून ठेवायचं,
काम झालं की हाताला धरून आणायचं,
अशी इथली रीत.

डॉक्टर नवा. मेश्राम. पोरगाच आहे,
घामानं ॲप्रन पाठीला चिकटलेला.
पलीकडच्या खाटेवर मोहोळकडचा अपघात,
बाटली धरायला त्याचा भाऊच उभा.
डॉक्टर मान वर न करता म्हणाला,
मावशी, ही इमर्जन्सी नाही. सकाळी या.
त्याचं काही चुकलं नाही.
मीही हेच सांगतो, रात्रीतनं तीसदा.

ती म्हणाली,
सकाळी पानं भिजलेली असतात.

कुठली पानं?

बिडीची. रात्री भिजवायची, सकाळी कापायची,
वाळली तर मोडतात.
अकराला ब्रँचमध्ये मोजून घेतात.
न्हाई गेलं तर हजाराचा रोज बुडला.

तेव्हा त्यानं मान वर केली.
तेंदू? म्हणाला.
आमच्या गोंदियाकडची ती. माझी आई तोडते
याच दिवसांत, जंगलात जाऊन.
सत्तर पानांचा एक पुडा.

त्यावर कोणीच काही बोललं नाही.
नरसूबाईनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं,
पान निवडताना पाहावं तसं,
आणि पदर बाजूला करून पाठ पुढे केली.
त्यानं नळी लावली. श्वास घ्या. सोडा. घ्या.
बराच वेळ लावली त्यानं.
मोहोळकडच्या भावानं दोनदा हाक मारली.

मग थुंकीच्या तपासणीची डबी दिली.
सकाळची पहिली थुंकी हवी.
अकराच्या आत, खोली नंबर सतरा.
सांगता सांगता त्याचं त्यालाच कळलं.
अकराच्या आत, असं तो पुन्हा म्हणाला, हळू.

डबी आली. दुसऱ्या दिवशी,
रात्री पावणेअकराला, खिडकीच्या भोकातून,
प्लॅस्टिकच्या पिशवीत.
लॅबला कुलूप.
सकाळची पहिलीच हाय, ती म्हणाली,
दिवसभर माठापाशी गारव्याला ठेवली होती.
वाघचवरे सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं,
मी पाटीकडे.
सिस्टरनी मोजा चढवला, डबी घेतली,
आणि कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.
चालेल की न चालेल, ते सतरा नंबर ठरवील.

मला आठवतंय ते एवढंच:
झाकण निसटू नये म्हणून
तिनं त्याला बिडीचा दोरा बांधला होता, गुलाबी,
दोन वेढे आणि एक गाठ,
ब्रँचवाल्यानं छाटात काढू नये
इतकी नीट.