पाण्याचा नाही

खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीमागे,
दुसरा मजला, लिफ्ट नाही.
उजगरे सरांनी दार उघडलं ते उजव्या हाताने,
डावा खांद्यापासून नुसता सोबत आलेला.

"प्लग लावलाय. वाजवून बघा."
मी बसले. स्टूल त्यांच्या उंचीचं,
माझा पाय पेडलवर जेमतेम टेकला.
हेडफोन घालायच्या आधीच मारलं
तर आवाज आला टप्,
चपलेने झुरळ मारल्यासारखा.
सर हसले. "बाहेर एवढाच येतो.
बाकी सगळं आत."

आत,
आता काय सांगू,
आत सातवीतला शेवटचा बाक होता,
ज्यावर बोटं वाजवली म्हणून अख्खा तास उभी होते;
शाळेच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं
परीक्षानळ्या विसळताना
स्टँडवर नकळत धरलेला ठेका होता,
आणि ते सगळं एकदम
खरं वाजलं.

मग मी गिऱ्हाईक झाले. नाक मुरडलं.
या रबराला खड्डा पडलाय.
झांजेच्या कडेला ही काळी टेप कसली?
आणि आवाजाच्या बटणाच्या जागी
टूथपेस्टचं झाकण बसवलंय की हो तुम्ही!
"फिरतंय ना?" सर म्हणाले. फिरत होतं.
ते बावीस म्हणत होते, मी सतरा.
आतून त्यांच्या बायकोने चहाबरोबर एकोणीस आणले.
माझा भिशीचा नंबर लागला होता, वीस हजारांचा.
उरलेल्या हजारात रिक्षा, आणि हेडफोनची लांब वायर.

"रिटायर झाल्यावर घेतला होता," एवढंच बोलले सर,
एकेक नट सोडवत,
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांत पुड्या बांधत.
फेब्रुवारीत पेडलचे, जूनमध्ये झांजांचे.
ऑगस्ट रिकामा होता, तो त्यांनी नीट घडी करून
खिशात ठेवला.

रिक्षावाला म्हणाला, "हे काय, ताई?"
"ड्रम."
"पाण्याचा?"
"नाही."
स्वारगेटला सिग्नल लांबला तेव्हा पुन्हा मागे वळून,
"पण मग पाणी राहणार कशात?"
धनकवडीत जिन्यात लोंढे वहिनी, खालच्या मजल्यावरच्या:
"बरं केलंत घेतलात, गुरुवारी नळ बंदच असतो.
आमचा निळा आहे, दोनशे लिटरचा. तुमचा?"
मी म्हटलं, आमचा घडीचा आहे.

रात्री साडेदहा. घरात सगळे झोपलेले.
पेडलखाली जुनी सतरंजी चौपदरी.
झाकण फिरवत गेले: एक ते वीस
कंपनीने भरून दिलेले ठेके, गुळगुळीत.
एकविसाव्यावर कुणीतरी राहत होतं.

साधाच ठेका, चाराचा.
एक, दोन, तीन,
आणि चौथा, डावीकडच्या पॅडवरचा,
केसभर उशिरा.
पुन्हा तीन. पुन्हा चौथा उशिरा.
मला वाटलं मशीनच बिघडलंय,
म्हाताऱ्याने गोडीगोडीत फसवलं.
फोन करायला उठलेसुद्धा.
मग दारातला तो हात आठवला.

किती वेळ वाजवून ठेवलंय त्यांनी! अठरा मिनिटं.
कुठेही थांबले नाहीत.
शिकवायला दुसरं कोण आहे मला,
म्हणून त्यांच्याच मागून वाजवत गेले.
खांदा माझा धडधाकट आहे,
तरी बाराच्या सुमारास
माझाही चौथा
उशिरा पडायला लागला.

सकाळी लोंढे वहिनी जिन्यात, हातात दुधाची पिशवी:
"रात्री तुमचा ड्रम गळत होता का हो?
टप्, टप्, टप्,
आणि मग जरा थांबून एक टप्.
जीव टांगणीला लागायचा त्या शेवटच्यासाठी."

हो, म्हटलं मी.
बघते, वॉशर बदलून.