नळीमागच्या रेघा

मेडिकलच्या तळमजल्यावर, खोली नंबर अठरा.
नळीमागे मी काळ्या रेघांचा कागद धरते.
रेघा दिसल्या तर घरी जा.
ग्रेसी साळवेच्या दिसल्या नाहीत.
पुढच्या तपासणीत दोन्ही बाजूंनी आलेलं निघालं,
आईकडून, बापाकडून.

तिचे मामा, इंदोऱ्याच्या प्रार्थनाघरातले ब्रदर सुमंत, म्हणाले,
मूळ प्रत स्वच्छ होती, ताई.
उतरवता उतरवता आपण डाग पाडले.
चुकीतून कधी चांगलं निपजतं का?

डॉक्टर उईके रात्रपाळी करून आलेले,
चष्मा पुसत म्हणाले,
एकाच बाजूनं आली तर हिवतापात तगतं लेकरू.
जंगलात त्या चुकीनंच राखलं आपल्याला.
आणि दोन्हीकडून आली, तर असं.

असं म्हणजे?
उईके चष्मा पुसतच राहिले.

मे महिना. कूलर नुसताच घरघरतो.
बाकावर ग्रेसी, गुडघे पोटाशी घेऊन.
दुखतं का विचारलं तर म्हणते, थोडंसं.
थोडंसं म्हणणारी पोरं मी ओळखते.

आलापल्लीला एकाच गोधडीत
मी आणि भाऊ तापानं फणफणलो होतो.
तो सहाव्या दिवशी गेला.
मी उठून पेज मागितली.
आईनं देवाचे आभार मानले,
मग त्याच देवाशी वर्षभर बोलली नाही.

पर्समध्ये माझं पिवळं कार्ड आहे.
दोघांपैकी कुणालाच दाखवलं नाही.
ग्रेसीची बाटली भरून आणली,
म्हटलं, पी बाई. सगळी पी.