बसला

दिवाळ्याच्या जेटीचं काम चालू होतं तेव्हा
बार्जवरून सिमेंटचा एक नळा निसटला.
उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा.
चिखलात आडवा पडला,
आणि बिलात त्याची नोंद 'तूट' अशी झाली.

हशुराम तांडेल त्याला होडी बांधायचा.
मी खाडी मोजणाऱ्या ऑफिसातला टेपवाला.
दर अमावास्येच्या ओहोटीला त्याच्यापाशी जाऊन
आकडा लिहायचो, कुणी सांगितलेलं नसताना.
छाती. मग कंबर.
दोन पावसाळ्यांनी गुडघा.

कुणी ढकललं नव्हतं.

लाट नळ्याला धक्का देत नाही,
हे मला ओणवं होऊन बघताना कळलं.
ती अडते, खाली वळते,
त्याच्या बुडाशी स्वतःभोवती गिरकी घेते
आणि मूठभर गाळ उचलून
त्याच्याच पाठीशी नेऊन टाकते.
परतताना पुन्हा तेच, उलट्या अंगानं.
आधी दोन्ही टोकांखालचं जातं.
मग नळा मधल्या उंचवट्यावर
तराजूच्या दांडीसारखा तोलून राहतो,
दिवस, आठवडे,
आणि एखाद्या उधाणाच्या रात्री
इंचभर खाली येतो.
आवाज होत असेल का?
मी कधी ऐकला नाही.

"परला नाय, बुराला नाय," हशुराम म्हणाला,
"बसला."

आवाज बसतो, भिंत बसते, धंदा बसतो.
हशुरामच्या थोरल्याचा तळोज्याला
कंपनीत जम बसलाय,
होडीत आता हा एकटाच.
साहेबांच्या रिपोर्टात या सगळ्याला दुसरा शब्द आहे.
मी वहीत हशुरामचाच लिहिला.

यंदा फाल्गुनात नळा दिसलाच नाही.
टेप हातात तसाच.
होडी चिखलावर कललेली,
तिची दोरी सरळ जमिनीत गेलेली,
जणू खालून कुणी धरलीय.
हशुरामनं दोन्ही हातांनी ओढून दाखवली.
हलली नाही.
"आता नांगर लागत नाय," म्हणाला,
आणि जाळं खांद्यावर टाकून निघाला.

मी जेटीखालून परतलो.
सगळीकडे ओहोट, फक्त
पहिल्या खांबाच्या बुडाशी गोल पाणी साचलेलं,
परातीएवढं,
त्यात एक निवटा, डोळे वर काढून.

टेपचं टोक आत सोडलं.
दीड वीत.