जोड

दिवाळ्याच्या बंदरात ओहोटीला
टिटवी चिखलात बसते, एका कुशीवर कलून.
ती चार वर्षांची, मी एकोणसाठची.
पौष लागला की लक्षद्वीप.
तोवर प्रत्येक गोष्टीला दुसरी.

इंजिनावरचा पंप बसला तर हातपंप,
तोही तुंबला तर बादली,
कडीला दोर बांधलेली, कारण बादलीही हातातून सुटते.
तळाला जिथं जिथं नळ, तिथं त्या मापाचं लाकडी बूच
सुतळीनं अडकवून.
चाक मोडलं तर सुकाणाला दांडा.
शिडं फाटली तर सुई, दोरा, मेण.
पडद्यावरचा नकाशा विझला तर कागदाचा,
गादीखाली, इस्त्री नसताना शाळेचा फ्रॉक ठेवायचो तसा.

पोशा तांडेल धक्क्यावर जाळं सांधत बघतो.
"दोन दोन कंपास? आनि दोघं भांडलं त?"
याला माझ्याकडे उत्तर नाही.

तीस वर्षं मी वाशीच्या हॉस्पिटलात जनरेटर सांभाळला.
एका रात्री वीज गेली आणि तो नुसता खोकला.
डिझेलमध्ये पाणी. चूक माझीच.
चौथ्या मजल्यावर लिसी सिस्टर
रबरी फुगा दाबत राहिली छत्तीस मिनिटं,
मी तळघरात टॉर्च दातात धरून नळ्या सोडवत होते.
पेशंट बरा होऊन घरी गेला, त्याला कळलंही नाही.
टॉर्चची ती चव मात्र अजून दाढेखाली आहे.

हे पोशाला सांगितलेलं नाही.

काल रात्री डोळ्यांवर टॉवेल बांधून
सगळी बुचं हातानं शोधली.
नऊ सापडली. दहावं काही केल्या नाही.
दिवा लावला, तर गुडघ्याखालीच.

सकाळी पोशा आला, तळहातावर जड काहीतरी ठेवलं.
शिशाचा गोळा, त्याच्या बापाचा,
वीस वाव दोरी.
"बुडाला मेन लाव. तलाचं जं लागंल तं चिकटून येतं,
चिखल, रेती, शिंपला. कुटं हाव तं कलतं."
बाकी काही बोलला नाही, जाळ्याकडे गेला.

भरतीला खाडीत सोडून पाहिला.
तीन वाव.
वर आला तेव्हा मेणात काळा चिखल,
गंजाचा वास,
चिंबोरीची नखाएवढी तुटकी नांगी.

वहीत लिहिलं, खोली, दुसरं.
चिखल पुसला नाही.
परत येताना जुळवून बघायला.